कोसंबींचा तराजू आणि साक्रीचं ऊन

‘पेशाने गणिती, हौसेने इतिहासकार’ ही दा. ध. कोसंबींची (१९०७–१९६६) ओळख मला अपुरी वाटते. नाणं हातोहात फिरताना झिजतं, हलकं होतं. म्हणून त्यांनी हजारो प्राचीन नाणी तोलली आणि झिजेवरून त्यांचा क्रम लावला. यात पेशा कुठे संपला आणि हौस कुठे सुरू झाली? पुण्याच्या टेकड्यांवर दगडी हत्यारं वेचतानाही प्रश्न तोच: राजे राहू द्या, माणसं जगली कशी?

हीच नजर त्यांनी वर्तमानावर रोखली. १९६० मध्ये, अणुऊर्जेचा गाजावाजा सुरू असताना, त्यांनी सौरऊर्जेची बाजू घेतली. ऊन फुकट, आणि गावोगाव वापरता येईल असं.

आज साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. ऊन कोसंबींचं, रचना मात्र जुनीच: एका जागी वीज करायची, तारांनी दूर न्यायची. तंत्र बदललं म्हणून मालकी बदलत नाही, हे मार्क्सवादी कोसंबींना पक्कं ठाऊक होतं. त्यांना नुसतं ‘द्रष्टे’ म्हणून मिरवताना आपण नेमकं हेच विसरतो. कोसंबी वाचायचे तर त्यांचा तराजू उचला. वीज किती झाली हे मोजताना ती कुणाच्या घरी गेली, तेही तोला.