मराठीतली हसरी अवकाशसफर

विनोदी अवकाशसाहसकथा ही विज्ञानकथेची धाकटी शाखा. तिच्यात अंतराळयान असते, परके ग्रह असतात, संकटेही असतात. पण यानावरच्या माणसांच्या रुसव्याफुगव्यांना, कप्तानाच्या फजितीला आणि जेवणाच्या टेबलावरच्या गप्पांना विश्व वाचवण्याइतकेच महत्त्व मिळते. या शाखेचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे ती जुन्या विज्ञानकथेच्या आठवणीवर जगते. वाचकाने किंवा प्रेक्षकाने आधीच्या पिढीच्या सफरी मनापासून अनुभवलेल्या असतील, तरच नव्या सफरीतली गंमत त्याच्यापर्यंत पूर्ण पोहोचते.

या प्रकाराचे आजचे ठळक उदाहरण म्हणजे सेथ मॅकफार्लेनची ‘द ऑर्व्हिल’ ही अमेरिकन मालिका. २०१७ मध्ये ती सुरू झाली आणि तीन पर्वांत तिचे ३६ भाग झाले. तिचा आदर्श उघड आहे: १९६६ ते १९६९ या काळात ७९ भागांत प्रसारित झालेली ‘स्टार ट्रेक’ आणि तिच्या पुढच्या आवृत्त्या. ‘ऑर्व्हिल’चा कप्तान एड मर्सर आणि त्याची दुय्यम अधिकारी केली ग्रेसन हे घटस्फोटित जोडपे आहे. दोघांना एकाच यानावर काम करावे लागते आणि मालिकेतला बराच विनोद तिथून येतो. मात्र यानाची रचना, नव्या ग्रहावर उतरण्याची पद्धत, दर भागात उभा राहणारा नैतिक पेच हे सगळे जुन्या मालिकेच्या घडणीचे आहे. ‘ट्रेक’च्या पुढच्या मालिकांत काम केलेल्या ब्रॅनन ब्रागा, जोनाथन फ्रेक्स अशा मंडळींनी इथेही निर्मिती आणि दिग्दर्शनात हातभार लावला, त्यामुळे ही परंपरा थेट हातातून हातात आली. पहिल्या पर्वातले काही विनोद उथळ आहेत. पुढे मालिका स्वतःवर विश्वास ठेवू लागते आणि थट्टा मागे सरून माणसे पुढे येतात. तिचे खरे यश या वाढीत आहे.

तिच्याआधी ‘गॅलेक्सी क्वेस्ट’ (१९९९) या चित्रपटाने हीच वाट अधिक नेटकेपणाने चोखाळली होती. बंद पडलेल्या एका दूरचित्रवाणी मालिकेतल्या नटांना परग्रहवासी खरे वीर समजतात आणि मदतीसाठी घेऊन जातात. नटांना वीर नसल्याची लाज वाटते, आणि त्या लाजेतूनच ते शेवटी शूर होतात. ब्रिटनमध्ये बीबीसीची ‘रेड ड्वार्फ’ (१९८८) आणि तिच्याही आधी डग्लस ॲडम्सची ‘हिचहायकर्स गाइड’ ही नभोनाट्यमालिका (१९७८) याच कुळातल्या. २०२० मध्ये आलेल्या ‘लोअर डेक्स’ या चित्रमालिकेने तर यानावरच्या कनिष्ठ कर्मचाऱ्यांनाच नायक केले. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. थट्टा होते ती पुठ्ठ्याच्या ग्रहांची, ठरावीक संवादांची, ऐनवेळी बिघडणाऱ्या यंत्रांची. ताऱ्यांपर्यंत पोहोचण्याच्या स्वप्नाची थट्टा कोणी करत नाही. ज्या कलाकृतीत ही मर्यादा सुटते, तिथे उरते ते केवळ टिंगल, आणि जुना वाचक तिच्याकडे पाठ फिरवतो.

हा हसरेपणा नंतर चढवलेला साज नव्हे. दुसऱ्या शतकात लुशियन या ग्रीक भाषेतल्या लेखकाने चंद्रावरच्या प्रवासाची कथा रचली ती प्रवासवर्णनांतल्या थापांचे विडंबन म्हणून. ज्यूल व्हर्नच्या १८६५ मधल्या चंद्रकादंबरीची सुरुवातही विनोदीच आहे. अमेरिकन यादवी युद्ध संपल्यामुळे बेकार झालेले, हातपाय गमावलेले तोफखान्यातले लोक करमत नाही म्हणून चंद्रावर तोफगोळा डागायचे ठरवतात. नंतर त्या गोळ्यात तीन माणसे बसतात आणि सोबत कुत्री आणि कोंबड्याही जातात. व्हर्नची आकडेमोड गंभीर आहे, पण माणसे मजेशीर आहेत. पुढच्या लेखकांनी त्याची आकडेमोड पुष्कळ उचलली आणि माणसे थोडी कमी, हे विज्ञानकथेचे जुने नुकसान आहे.

मराठीत अवकाशसफर आली ती याच कादंबरीच्या वाटेने. कोचीनमध्ये सुरू झालेल्या, कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी संपादित केलेल्या ‘केरळ कोकिळ’ मासिकात १९०० पासून व्हर्नच्या कादंबरीचे मराठी रूपांतर क्रमशः छापले जाऊ लागले. महाराष्ट्रापासून इतक्या दूर जन्मलेल्या मासिकाच्या पानांतून मराठी वाचक चंद्राकडे निघाला. ती मालिका होती, दर महिन्याला पुढचा हप्ता येत होता आणि यान मध्येच सोडून वाचकाला थांबावे लागत होते. अवकाशकथेला मालिकेचा साचा किती मानवतो, हे त्या काळातच दिसले होते.

या वाटेवरचा सर्वांत मोठा मराठी लेखक म्हणजे भा. रा. भागवत (१९१०–२००१). ‘बालमित्र’चे संपादक आणि फास्टर फेणेचे जनक म्हणून ते घरोघरी माहीत आहेत; व्हर्नचे मराठीतले दूत ही त्यांची दुसरी ओळख मात्र मागे पडली आहे. ‘चंद्रावर स्वारी’ आणि ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही त्यांची पुस्तके व्हर्नवरून आलेली. ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’चे मूळ कथानकच मोठे खेळकर आहे: एक धूमकेतू पृथ्वीला घासून जातो, भूमध्य समुद्राकाठचा तुकडा माणसांसकट उचलतो आणि सूर्याभोवती चक्कर मारून आणतो. भागवतांनी हे सगळे शाळकरी मुलाच्या जिभेवर बसेल अशा मराठीत आणले. वाक्य छोटे, उद्गार भरपूर, संकट आले तरी पात्रांची बोलती बंद नाही. ‘उडती छबकडी’ ही त्यांची स्वतंत्र अवकाशकथाही त्याच तबियतीची. जुन्या विज्ञानकथेला मानवंदना देण्याची मराठीतली पहिली रीत म्हणजे भागवतांचे रूपांतर. मूळ कृतीवर त्यांचे प्रेम आहे, आणि त्या प्रेमापोटीच ते तिला हसत हसत आपलेसे करतात.

भागवतांनी मालिकेचाही धडा घालून दिला. पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा फुरसुंगीचा बनेश फेणे वीस पुस्तकांतून साहसे करत राहिला आणि त्याचा ‘ट्टॉक्’ दोन पिढ्यांच्या कानांत बसला. त्या मालिकेचा पिंड जमिनीवरच्या शोधांचा आणि पाठलागांचा होता. पण तिने सिद्ध केले की विनोद, वेग आणि ओळखीचा नायक एवढे असले तर मराठी मूल पुढच्या पुस्तकाची वाट पाहते. २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार यांनी ‘फास्टर फेणे’ चित्रपट केला, तेव्हा त्यात भा. रा. भागवत हे पात्रच आणले आणि दिलीप प्रभावळकरांनी ते साकारले. लेखकाला त्याच्याच नायकाच्या गोष्टीत आणून बसवणारी ही मानवंदना मराठी पडद्यावरची या जातीची सर्वांत सुंदर कृती आहे.

१९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखक होते जयंत विष्णू नारळीकर. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी ते नाव घेतले होते. या घटनेने मराठी विज्ञानकथेचे वळण बदलले. नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ (१९५७) ही कादंबरी शास्त्रज्ञाने लिहिलेल्या विज्ञानकथेचा आदर्श मानली जाते, आणि शिष्याच्या कथांत त्या आदर्शाची सावली स्पष्ट आहे. पुढे ‘यक्षांची देणगी’, ‘अंतराळातील भस्मासुर’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ आले. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे यांनी ही कथा समाजाच्या आणि नीतीच्या प्रश्नांपर्यंत नेली.

या पिढीचे ऋण फार मोठे आहे. तिच्यामुळे विज्ञानकथेला दिवाळी अंकांत मानाची जागा मिळाली आणि २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद एका विज्ञानकथाकाराकडे आले. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. या कथेवर विज्ञानप्रसाराची जबाबदारी पडली, आणि जबाबदारीखाली खेळकरपणा दबला. नारळीकरांना विनोद वर्ज्य नव्हता. ‘धूमकेतू’ कथेत शास्त्रज्ञ पृथ्वीवर आदळणाऱ्या धूमकेतूचा मार्ग वळवण्याचा खटाटोप करतात, तर दत्ताबाबूंच्या घरी शांतियज्ञाची तयारी चालते; ‘उजव्या सोंडेचा गणपती’मध्ये अवकाशाच्या पिळामुळे डावे-उजवे उलटते आणि त्याचा परिणाम थेट क्रिकेटच्या मैदानावर दिसतो. या दोन कथा आजही टवटवीत वाटतात, कारण त्यांत कल्पनेला हसायची मोकळीक आहे. पण अनुकरण झाले ते गंभीर नारळीकरांचे. शिवाय दिवाळी अंकाने मागितली ती एकेकटी कथा. तेच यान, तीच माणसे घेऊन दर वर्षी नव्या ग्रहावर जाणारी मालिका मराठीत रुजली नाही.

दूरचित्रवाणीनेही ही उणीव भरली नाही. दूरदर्शनवर १९८९ च्या सुमारास ‘स्पेस सिटी सिग्मा’ आणि ‘इंद्रधनुष’ आल्या, १९९८ मध्ये केतन मेहतांची ‘कॅप्टन व्योम’ आली. महाराष्ट्रातल्या मुलांनी या मालिका आवडीने पाहिल्या, पण त्यांची भाषा हिंदी होती. त्याच पिढीच्या मराठी मालिकांत अंतराळयान उडाले नाही. खर्च हे नेहमी दिले जाणारे कारण. ते पूर्ण पटणारे नाही. साठच्या दशकातली ‘स्टार ट्रेक’ रंगवलेल्या खडकांवर उभी होती, आणि तिच्या चाहत्यांना ते खडकही आवडतात.

मराठीत या प्रकारासाठी लागणारी वृत्ती मात्र मुबलक आहे. तमाशाच्या गवळणीत पेंद्या कृष्णाची चेष्टा करतो आणि त्या चेष्टेने भक्ती कमी होत नाही. आचार्य अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’मध्ये कवितांचे विडंबन आहे, आणि मूळ कविता मुखोद्गत असल्याशिवाय असे विडंबन लिहिता येत नाही. आदर आणि थट्टा एका दमात चालवण्याची ही सवयच ‘ऑर्व्हिल’सारख्या मालिकेचा प्राण आहे.

या सवयीचे आजचे सर्वांत जिवंत क्षेत्र महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला आहे. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतली झाडीपट्टी रंगभूमी दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत जागी होते. धान निघालेले असते, गावोगावी मंडप पडतात, नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. वडसा हे तिथल्या नाटक मंडळ्यांचे केंद्र. दंडारीसारख्या जुन्या लोकप्रकारांतून वाढलेल्या या रंगभूमीवर करुण प्रवेशानंतर लगेच विनोदी प्रवेश येतो आणि प्रेक्षक दोन्हींना सारखीच दाद देतो. या रंगभूमीवरचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. कौटुंबिक, सामाजिक, ऐतिहासिक अशा विषयांवर इथली नाटके उभी राहतात. विज्ञानकथा हा त्यांचा नेहमीचा विषय नाही. तो व्हायला अडचण मात्र कोणती, हे सांगता येत नाही.

उलट या मुलखाच्या आकाशात विनोदी साहसकथा आधीपासून आहेच. सालेकसा तालुक्यातले कचारगड हे गोंडांचे मोठे तीर्थ. माघ पौर्णिमेला तिथे दूरदूरच्या राज्यांतून लोक येतात. विदर्भातल्या गोंड समाजाच्या ताराज्ञानाचा अभ्यास मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी प्रसिद्ध केला आहे. त्यानुसार सप्तर्षीतले चार तारे म्हणजे खाट आणि उरलेले तीन म्हणजे ती खाट पळवायला आलेले चोर. ऋषींच्या गंभीर रांगेशेजारी ही चोरांची गोष्ट ठेवली की लोककल्पनेची उंची कळते. रात्रभर खाटेमागे लागलेले हे चोर कोणत्याही अवकाशमालिकेचे नायक शोभतील.

आणि रंगमंचावर अवकाशयान चालत नाही असे कोणी म्हणत असेल, तर हॉइलचेच उदाहरण पुरे. ‘रॉकेट्स इन अर्सा मेजर’ हे त्याचे बालनाट्य १९६२ मध्ये लंडनच्या मर्मेड थिएटरमध्ये झाले. त्यावरून कादंबरी नंतर झाली. नावातला तारकासमूह म्हणजे आपले सप्तर्षी. नारळीकरांच्या गुरूला मुलांसाठी सप्तर्षीत रॉकेट पाठवावेसे वाटले आणि त्यासाठी त्याने नाटक निवडले. ही बाब मराठी नाटककारांनी मनावर घ्यावी अशी आहे.

अर्थात जुन्याला मानवंदना द्यायची तर जुने हाताशी हवे. ‘केरळ कोकिळ’मधली चंद्रसफर आज सामान्य वाचकाला सहज मिळत नाही, आणि भागवतांची व्हर्नमाला फेणेच्या पुस्तकांइतकी दिसत नाही. जी पिढी ‘चंद्रावर स्वारी’ वाचून वाढली नाही, तिला त्या स्वारीवरची गंमत कळणार नाही. म्हणून पहिले काम प्रकाशकांचे आहे: ही पुस्तके एकत्र, चित्रांसह, शाळांना परवडतील अशा किमतीत पुन्हा छापावीत. ‘केरळ कोकिळ’च्या फायली ज्या ग्रंथालयांत आहेत त्यांनी ती सफर संगणकावर खुली करावी. दिवाळी अंकांच्या संपादकांनी एखाद्या लेखकाकडून एकच यान आणि तीच माणसे घेऊन पाच वर्षे कथा मागवाव्यात. आणि वडशाच्या एखाद्या मंडळीने येत्या हंगामात खाट पळवणाऱ्या तीन चोरांचे नाटक आमगावच्या किंवा सालेकशाच्या मंडईत लावावे. या मुलखातला प्रेक्षक ते पहाटेपर्यंत बसून पाहील.