काष्ठशिल्पांचे वय आणि अस्सलपण

कोणत्याही काष्ठशिल्पासंबंधी दोन प्रश्न संभवतात. ते किती जुने आहे, हा पहिला. ते जे म्हणून सांगितले जाते तेच आहे काय, हा दुसरा. पहिला प्रश्न वस्तूविषयीचा, तर दुसरा त्या वस्तूविषयी केलेल्या विधानाविषयीचा होय. प्रचलित परीक्षणात हे दोन्ही प्रश्न एकच मानले जातात, आणि बहुतेक चुकीचे निर्णय येथेच उगम पावतात.

पूर्व आफ्रिकेत राहून परतलेल्या एखाद्या कुटुंबाच्या ठाण्या-कल्याणातील दिवाणखान्यात काळ्या लाकडाचे माकोंडे शिल्प असते. ‘फार प्राचीन, एका जमातीची देवता’ असे त्याचे वर्णन केले जाते. माकोंडे लोक उत्तर मोझांबिक व दक्षिण टांझानिया येथील. त्यांचे परंपरागत मुखवटे हलक्या लाकडाचे असत. जड, काळ्या लाकडातील विचित्र आकृतींची ‘शेतानी’ शैली मात्र १९५० च्या दशकाच्या अखेरीस दार-ए-सलाम येथे रूढ झाली. तिचे जनकत्व सामाकी लिकांकोआ या कारागिराकडे दिले जाते, आणि या कलेला बाजारपेठ मिळवून देणाऱ्यांत मोहमद पीरा हे भारतीय वंशाचे व्यापारी होते. ‘शेतानी’ हे नावही स्वाहिली असून त्याचे मूळ अरबी आहे. मराठीतील ‘सैतान’ त्याच मुळाचा. तेव्हा अशा शिल्पास दोन शतकांचे वय देणारे विधान शैलीच्या पुराव्यानेच बाद ठरते.

बाह्य लक्षणांवर भिस्त ठेवणारेही फसतात. काळेपणा हा बुटाच्या पॉलिशनेही आणता येतो. तडे केवळ कच्चे लाकूड कोरल्यानेही पडतात. किडीची भोके नव्या लाकडातही असू शकतात. याउलट या झाडाचे गाभ्याचे लाकूड पाण्यात बुडण्याइतके जड असते आणि त्याची बाहेरची साल-कड फिकट असते, ही लक्षणे लाकडाची जात ठरविण्यास उपयोगी पडतात. परंतु जात ठरली म्हणून वय ठरत नाही.

किरणोत्सारी कार्बनाच्या मापनाविषयीही हीच मर्यादा ध्यानी घ्यावी लागते. ते मापन झाडाच्या वाढीचा काळ सांगते, कोरणीचा नव्हे. जुन्या तुळईचे नवे शिल्प होऊ शकते. शिवाय सुमारे १६५० ते १९५० या कालखंडात मापनाचे निष्कर्ष फार संदिग्ध येतात. मात्र अणुचाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण १९६३ च्या सुमारास जवळजवळ दुप्पट झाले होते. त्यामुळे त्यानंतर वाढलेले लाकूड ओळखणे शक्य होते. म्हणजे ही पद्धत खोटे जुनेपण उघडे पाडण्यास समर्थ आहे, खरे जुनेपण सिद्ध करण्यास तितकी नाही.

हा प्रश्न केवळ परदेशी वस्तूंचा नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेल्या जव्हार-मोखाडा भागात बोहाड्याचे मुखवटे आहेत. उत्सवापूर्वी त्यांना नवा रंग देण्यात येतो. रंगाच्या थरावरून वय काढणारा परीक्षक अशा मुखवट्यास नवा म्हणून नाकारील. उलट उत्सवासाठी कधीच न वापरलेला, धुराने काळवंडविलेला मुखवटा त्यास प्राचीन वाटेल. पहिला वापरात असल्यामुळेच नवा दिसतो, दुसरा विक्रीसाठीच जुना दिसतो.

भाषेतील उदाहरण येथे उद्बोधक आहे. ‘बटाटा’, ‘पाव’, ‘चावी’ हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. त्यांचे मराठीतील वय ज्ञानेश्वरकालीन शब्दांहून कितीतरी कमी. म्हणून ते मराठी नव्हेत, असे कोणी म्हणत नाही. तथापि एखाद्याने ‘बटाटा’ असलेला मजकूर यादवकालीन म्हणून पुढे केला, तर तो शब्दच त्या दाव्याविरुद्ध साक्ष देतो. शब्द अस्सल, दावा खोटा. शेतानी शिल्पाचीही स्थिती नेमकी हीच होय.

वय कोठे निर्णायक ठरते, हेही सांगणे अवश्य आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार काष्ठशिल्पास पुरावस्तू ठरण्यासाठी किमान १०० वर्षांचे अस्तित्व लागते. तेथे वर्षांचा हिशेब टाळता येणार नाही. परंतु तो कायद्याचा निकष आहे, कलेचा नव्हे. त्यास मूल्याचे माप मानल्यास दुहेरी अन्याय घडतो. ज्या कारागिराचे नाव ठाऊक आहे, त्याच्या कृतीस ‘अज्ञात जमातीची प्राचीन देवता’ म्हणून तिच्या कर्त्यापासून तोडले जाते. आणि ज्या गावात मुखवटा अद्याप नाचविला जातो, तेथील मुखवटा नव्या रंगासाठी हीन ठरून जुना दिसणारा मात्र विकत घेतला जातो.

म्हणून परीक्षकाने प्रथम लाकूड, कोरणीची हत्यारे व वापराच्या खुणा यांची नोंद करावी. नंतर शैलीचा इतिहास पाहावा. आणि अखेरीस, वस्तूसोबत आलेली कथा हाही एक संहितापाठ समजून तिच्यातील प्रत्येक शब्दास ‘हा केव्हा आणि कोणाच्या तोंडचा’ असे विचारावे. हा क्रम उलटला की कथाच वस्तूचे वय ठरवू लागते.