‘खांद्यावरून झाडण्यासाठी योजिलेले’ : अमेरिकन शस्त्रकायद्यातील एका व्याख्येची चिकित्सा

कायद्याची भाषा व्यवहारातील भाषेपेक्षा काटेकोर असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बहुतांशी खरी असली, तरी काटेकोरपणा आणि निःसंदिग्धता या दोन गोष्टी एकच नव्हेत. व्याख्येतील प्रत्येक पद नेमके असूनही त्या पदांच्या जुळणीतून संदिग्ध अर्थ निष्पन्न होऊ शकतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील संघीय शस्त्रकायद्यात ‘शॉटगन’ आणि ‘पिस्तूल’ यांच्या ज्या व्याख्या आहेत, त्या याचे ठळक उदाहरण होत. प्रश्न केवळ शब्दार्थाचा नाही. कायदा ज्या वस्तूला ‘आखूड नळीची शॉटगन’ म्हणतो, ती नोंदणीवाचून बाळगणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वस्तूला निराळे नाव मिळाले, तर तीच वस्तू नेहमीच्या चौकशीनंतर दुकानातून विकत नेता येते.

मराठीत बंदुकांची नावे डोळ्यांना दिसणाऱ्या गुणांवरून पडली आहेत. ठासणीची, एकनळी, दुनळी, छऱ्यांची ही विशेषणे वस्तू हाती घेऊन पडताळता येतात. अमेरिकन व्याख्येत नळी आतून गुळगुळीत असणे, काडतूस विशिष्ट प्रकारचे असणे, असे दृश्य गुण आहेतच. परंतु व्याख्येचा आरंभ त्यांच्यापासून होत नाही. शॉटगन म्हणजे खांद्यावरून झाडण्यासाठी आखलेले किंवा पुन्हा आखलेले, बनविलेले किंवा पुन्हा बनविलेले, आणि तसे योजिलेले शस्त्र, असा तिचा प्रारंभ आहे. येथे वस्तूचा गुण सांगितलेला नसून वस्तूमागील हेतू सांगितला आहे, आणि हेतू मोजपट्टीने मोजता येत नाही.

ही रचना समजण्यासाठी 1934 सालाकडे वळले पाहिजे. त्या वर्षी महान्यायवादी होमर कमिंग्ज यांच्या पुढाकाराने जो मसुदा संसदेपुढे आला, त्यात मुख्य लक्ष्य पिस्तूल व रिव्हॉल्व्हर हेच होते. अंगावर लपविता येणारे शस्त्र गुन्हेगारास सोयीचे असते, हा त्यामागील विचार. पिस्तुलावर निर्बंध आल्यावर लोक लांब बंदुकीची नळी कापून तिचेच पिस्तूल करतील, ही पळवाट बुजविण्यासाठी आखूड नळीच्या बंदुकाही त्यात समाविष्ट करणे क्रमप्राप्त होते. पुढे विरोधामुळे पिस्तूल व रिव्हॉल्व्हर वगळण्यात आले. पळवाट बुजविणारी कलमे मात्र राहिली. मंजूर झालेल्या पाठात 18 इंचांहून आखूड नळीची शॉटगन किंवा रायफल यांच्यानंतर ‘पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर खेरीजकरून’ लपविता येण्याजोगे अन्य कोणतेही शस्त्र, असे शब्द आहेत. तो ‘खेरीजकरून’ म्हणजे शस्त्रक्रियेचा व्रण होय. ज्या पदासाठी बाकीची पदे पहारा देत होती, ते पद निघून गेले आणि पहारा तेवढा उरला. आजची बहुतेक संदिग्धता या एका छाटणीतून उद्भवली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

1968 साली कायद्याची फेररचना झाली, तेव्हाही हा सांगाडा कायम राहिला. त्याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कारखान्यातून दस्त्यासह बाहेर पडलेली शॉटगन कोणी 14 इंच नळीपर्यंत कापली, तर ती नोंदणीयोग्य ‘आखूड नळीची शॉटगन’ ठरते. तेच यंत्र, तीच 14 इंची नळी, परंतु खांद्याला टेकविण्याचा दस्ता त्याला कधीच बसविलेला नाही, केवळ पक्ष्याच्या डोक्यासारखी वळलेली मूठ आहे आणि एकूण लांबी 26 इंचांहून किंचित अधिक आहे, अशी वस्तू शॉटगन नव्हे, कारण ती खांद्यासाठी योजिलेली नाही. तिला पिस्तूलही म्हणता येत नाही. पिस्तुलाची व्याख्या एका हाताची आहे. 2017 साली बाजारात आलेली मॉसबर्ग कंपनीची ‘590 शॉकवेव्ह’ ही अशीच वस्तू. तिला कायद्यात ‘बंदूक’ या अर्थाचे सामान्यनाम तेवढे लाभले आहे. तिचीच लांबी 26 इंचांखाली गेली, की ती लपविण्याजोगी मानली जाते आणि ‘अन्य कोणतेही शस्त्र’ या वर्गात जाऊन पुन्हा नोंदणीस पात्र होते. यातील 26 हा आकडाही उसना आहे. कायद्याने तो शॉटगनपासून बनविलेल्या शस्त्रासाठी दिला. ‘लपविण्याजोगे’ या विशेषणाला त्याने कोणतेही माप दिलेले नाही. प्रशासनाने एका वाक्यातील आकडा दुसऱ्या वाक्यातील विशेषणाला जोडला.

दोन व्याख्यांतील एका सूक्ष्म भेदाकडे भाष्यकारांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. पिस्तुलाची नियमांतील व्याख्या ‘मुळात’ या क्रियाविशेषणाने सुरू होते. शॉटगनच्या व्याख्येत मात्र ‘पुन्हा आखलेले, पुन्हा बनविलेले’ ही पदे आहेत. म्हणजे शब्दशः पाहता शॉटगन मागाहून होता येते, पिस्तूल मात्र जन्मावेच लागते. वर्गीकरण वस्तूच्या स्वरूपावर न राहता तिच्या चरित्रावर जाते, ते यामुळे.

तथापि खरा दोष यापेक्षा खोल आहे, आणि तो व्याकरणाचा आहे. ‘आखलेले, बनविलेले, योजिलेले’ ही तिन्ही कर्मणी धातुसाधिते असून त्यांचा कर्ता अध्याहृत आहे. पहिल्या दोहोंचा कर्ता निर्माता असणार, हे सहज कळते. पण ‘योजिलेले’ कोणी? निर्मात्याने, विक्रेत्याने, की वापरणाऱ्याने? मराठीत अनुवाद केला तरी ही उणीव तशीच राहते, कारण मराठी कर्मणी प्रयोगही कर्ता गाळू देतो.

या रिकाम्या जागी संघीय शस्त्रनियंत्रण खात्याने वेळोवेळी निरनिराळे कर्ते बसविले. याचा सर्वांत बोलका दाखला पिस्तुलाला जोडावयाच्या, मनगटाला आधार देणाऱ्या पट्टाकृती उपकरणासंबंधी आहे. वाद तेथे शॉटगनचा नसून रायफलचा होता. परंतु दोहोंच्या व्याख्यांतील ‘खांदा’ आणि ‘योजिलेले’ ही पदे तीच आहेत. 2012 साली खात्याने निर्मात्याचा हेतू प्रमाण मानून हे उपकरण पिस्तुलाचे पिस्तूलपण बदलत नाही, असे कळविले. 2015 च्या जानेवारीत काढलेल्या खुल्या पत्रात शब्दकोशाचा आधार घेऊन असे प्रतिपादन केले, की ते उपकरण खांद्याला टेकवून झाडणारा मनुष्य शस्त्र ‘पुन्हा आखतो’. एका स्क्रूलाही हात न लावता, केवळ शरीराच्या हालचालीने वस्तूची जात बदलते, असा याचा अर्थ. ‘आखणे’ या क्रियापदाला इतका ताण कोणत्याही भाषेत सोसणार नाही. 2017 साली खात्याने हे मत बरेच मागे घेतले. 2023 च्या नियमात जाहिरातीतील मजकूर आणि समाजातील संभाव्य वापर यांनाही प्रमाण मानले गेले. म्हणजे कर्ता आता विक्रेता आणि लोकसमूहही झाला. टेक्ससमधील संघीय न्यायालयाने जून 2024 मध्ये तो नियम रद्द ठरविला. अकरा-बारा वर्षांत एकाच धातुसाधिताला चार कर्ते लाभले.

न्यायालयांनी या भाषिक पेचाची जाण अधिक दाखविली आहे. थॉम्प्सन-सेंटर कंपनीच्या 1992 मधील खटल्यात एकाच पेटीत पिस्तूल, दस्ता आणि 21 इंची नळी असे सुटे भाग होते. त्यांतून कायदेशीर पिस्तूल, कायदेशीर रायफल आणि बेकायदा आखूड रायफल, तिन्ही जुळविता येत. जोडणी होण्यापूर्वीच आखूड रायफल ‘बनविली’ गेली काय, असा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. न्यायमूर्ती सूटर यांनी कायद्याचा अर्थ खरोखरच संदिग्ध असल्याचे मानून संशयाचा लाभ दिला. करविषयक असली तरी या तरतुदीला शिक्षेची धार आहे, हे त्यांनी ओळखले. निर्णय न्याय्य आहे, परंतु त्यामुळे व्याख्या सुधारत नाही.

अन्य मार्ग उपलब्ध नव्हता, असे नाही. ब्रिटनच्या 1968 च्या कायद्यात 24 इंचांहून आखूड नळीच्या गुळगुळीत बंदुकीला ‘शॉटगन’ हे नावच मिळत नाही. 1997 साली तेथे हातबंदुकांवर बंदी आली, तेव्हा ‘पिस्तूल’ हा शब्द टाळून 30 सेंटिमीटरपेक्षा आखूड नळी किंवा 60 सेंटिमीटरपेक्षा कमी एकूण लांबी, एवढेच सांगितले गेले. त्यावरही मागे दांडी जोडून लांबी वाढविलेली रिव्हॉल्व्हरे निघालीच. पण ती कायद्यात बसतात की नाही, हे मोजपट्टी ठरविते. भारताच्या 1959 च्या शस्त्र अधिनियमाचे सहावे कलम तर परवान्यावाचून नळी आखूड करण्याची कृतीच निषिद्ध ठरविते; तेथे क्रियापदाला कर्ता आहे. खुद्द अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने खांद्याची अट गाळून शॉटगनचे काडतूस झाडणारी 18 इंचांहून आखूड नळी एवढे लक्षण पुरेसे मानले आहे. परिणामी तशी काडतुसे झाडणारे, पण नळीत पीळदार खाचा असलेले रिव्हॉल्व्हर संघीय कायद्याने हातबंदूक, तर त्या राज्यात आखूड शॉटगन ठरते.

1934 च्या कायद्याने या शस्त्रांवर 200 डॉलरचा कर बसविला होता. ‘अन्य कोणतेही शस्त्र’ या वर्गाच्या हस्तांतरावर तो पुढे 5 डॉलर झाला. जुलै 2025 मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने 1 जानेवारी 2026 पासून आखूड शॉटगन, आखूड रायफल आणि ‘अन्य कोणतेही शस्त्र’ या तिन्हींवरील कर शून्यावर आणला. नोंदणी व शिक्षा यांची कलमे त्या कायद्याने काढलेली नाहीत, आणि ‘योजिलेले’ हे पदही पूर्वीच्याच जागी, कर्त्यावाचून, उभे आहे.