'लॅगार्ड' कोण ठरवतं?

कोरडवाहू भागातल्या पर्यावरणपूरक शेतीच्या अवलंबावर संशोधन करायचंय? मग एव्हरेट रॉजर्स भेटणारच. नवं तंत्र स्वीकारणाऱ्यांचे त्याने १९६२ मध्ये पाच गट पाडले. शेवटचा 'लॅगार्ड', म्हणजे मागे राहिलेला. माझा आक्षेप या शब्दावर आहे.

अकोला-अमरावतीतला पूर्णेकाठचा खारपाणपट्टा बघा. भूजल खारं, जमीन चोपण. पावसाने ताण दिला की बोअर कामाची नाही, शेततळंच हवं. २०१८ पासून 'पोकरा' प्रकल्पात त्यासाठी अनुदान मिळू लागलं, पण काम झाल्यावर. आधीचा खर्च शेतकऱ्याचा. ज्याच्याकडे तेवढी रक्कम नाही, तो आपल्या तक्त्यात 'लॅगार्ड'!

उलट, कपाशीत तुरीच्या ओळी तो कधीपासून घेतोय. हीसुद्धा पर्यावरणपूरक शेतीच. पण ती 'नवी' नाही, म्हणून प्रश्नावलीत तिला गुण नाहीत.

दोष व्यवस्थेऐवजी माणसावर टाकला जातो, हे पुढच्या आवृत्त्यांत रॉजर्सनेच लिहिलंय. आपण मात्र पाच गटांवरच थांबतो.

म्हणून 'अवलंब केला का?' याच्या आधी तीन प्रश्न विचारा: पाणी कुठलं? आधीचा पैसा कुठून आणणार? आणि पूर्वीपासून काय करताय? मग टक्केवारी काढा.