इनहिबिटर म्हणजे नक्की कशाचा?

पेट झाली की सिनॉप्सिसची धावपळ सुरू होते, आणि ‘अमुक वनस्पतीच्या अर्काची इनहिबिटर क्षमता’ असं शीर्षक हमखास सापडतं. मराठीत कुणी ‘निरोधक’ लिहितो, कुणी ‘प्रतिबंधक’, कुणी चक्क ‘प्रतिरोधक’. हा शेवटचा तर साफ चुकीचा. प्रतिरोध किडीत तयार होतो, औषधात नाही. पण माझा आक्षेप भाषांतरावर नाहीच. हा शब्द एकटा वापरला जातो, त्यावर आहे. कोणता पदार्थ कोणत्या क्रियेचा वेग, किती मात्रेत आणि कसा कमी करतो, हे सांगितलं तरच त्याला अर्थ येतो.

आपल्या चिखली-मेहकरकडचं सोयाबीन घ्या. कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन इनहिबिटर हे प्रथिन असतं. कुनिट्झ यांनी १९४५ च्या सुमारास ते स्फटिकरूपात वेगळं केलं. ते ट्रिप्सिनला घट्ट चिकटतं, म्हणून कच्चं सोयाबीन खाल्लेल्या कोंबडीला प्रथिनं नीट पचत नाहीत. दाणे चांगले शिजवले की ते बरंचसं निकामी होतं. त्याच पिकात आपण इमॅझेथापायर हे तणनाशक फवारतो. तेही इनहिबिटरच, पण एएलएस या एन्झाइमचं. हे एन्झाइम वनस्पतींमध्ये असतं, आपल्या शरीरात नसतं. तण वाढायचं थांबतं, मग हळूहळू मरतं; सोयाबीन ते औषध लवकर मोडून टाकतं म्हणून तगतं. दोघांनाही नुसतं ‘निरोधक’ म्हटलं तर वाचणाऱ्याला काय कळलं?

आता कपाशीवरचं क्लोरपायरीफॉस. पुस्तकात ते ‘एसिटिलकोलिनएस्टरेज इनहिबिटर’ असतं. खरं तर मूळ रेणू त्या कामात कमजोर; शरीरात त्याचा ऑक्सॉन होतो आणि तो एन्झाइमला पकडतो. ही पकड सुरुवातीला ‘पॅम’ने सोडवता येते, ‘एजिंग’ झाल्यावर नाही. सोबत दिलं जाणारं अ‍ॅट्रोपिन एन्झाइमला हातही लावत नाही, ते रिसेप्टर अडवतं. २०१७ च्या हंगामात आपल्याच विभागातल्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या फवारणीत ऑर्गॅनोफॉस्फेट औषधंही होती. अशा रुग्णासमोर ‘रिव्हर्सिबल की इरिव्हर्सिबल’ हा दोन मार्कांचा प्रश्न राहत नाही.

सिनॉप्सिसमध्ये आणखी एक घोळ दिसतो. पेट्री डिशमध्ये बुरशी कमी वाढली की लगेच ‘एन्झाइम इनहिबिशन’ लिहून मोकळे! ते फक्त वाढीचं इनहिबिशन झालं. एन्झाइमचं नाव घ्यायचं तर ते वेगळं तपासावं लागतं. आयसी-५० म्हणजे काम निम्म्यावर आणणारी मात्रा. स्पर्धात्मक इनहिबिटर असेल तर सबस्ट्रेट वाढवल्यावर हा आकडाही वाढतो, म्हणून सबस्ट्रेटची मात्रा न देता दिलेला आयसी-५० अर्धवट. आणि पानांचा कच्चा अर्क वापरत असाल तर आधी टॅनिन काढून बघा. टॅनिन दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं, आणि तुमच्या ‘नव्या इनहिबिटर’चा निम्मा परिणाम तिथूनच आलेला असू शकतो.