कापूस, आग आणि फतवा

इमाम गझाली श्रद्धेचे, इब्न रुश्द बुद्धीचे, अशी सोयीची वाटणी आपल्या लेखनात नेहमी केली जाते. ती दोघांवरही अन्याय करते. इ.स. १०९५ मधील ‘तहाफुतुल फलासिफा’त गझाली तत्त्ववेत्त्यांच्या वीस सिद्धांतांवर तुटून पडतात, पण तर्कशास्त्र नाकारत नाहीत. ग्रहणाचे गणित धर्माच्या नावाने खोडणारा धर्माचेच नुकसान करतो, असे ते प्रस्तावनेतच बजावतात. आगीजवळ कापूस जळताना दिसतो; आगीनेच तो जाळला, हे दिसत नाही, हा त्यांचा युक्तिवाद. अल्लाहची सत्ता मांडायलाही ते तर्काचीच धार वापरतात.

इब्न रुश्द (११२६–११९८) ‘तहाफुतुत तहाफुत’मध्ये गझालींचे म्हणणे आधी देतात, मग तपासतात. कार्यकारणभाव नाकारला तर ज्ञानच नाकारावे लागेल, हा त्यांचा मुद्दा मला अधिक पटतो.

तरी दोघेही एकेका ठिकाणी थांबतात. गझाली शेवटी तीन मतांना कुफ्र ठरवतात; तिथे वाद संपतो, निवाडा सुरू होतो. इब्न रुश्द ‘फस्लुल मकाल’मध्ये तर्काधिष्ठित अर्थविवरण सामान्यांपासून दूर ठेवायला सांगतात. ११९५ मध्ये खुद्द त्यांनाच हद्दपारी भोगावी लागली, त्यांची पुस्तके जाळली गेली.

आपण या दोघांचे निष्कर्ष उचलतो, रीत मात्र सोडून देतो. तत्त्ववेत्त्यांचे म्हणणे गझालींनी ‘मकासिदुल फलासिफा’त स्वतंत्रपणे मांडले होते. प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडता येणे, ही तर्काची पहिली अट. ती न पाळता दिलेला फतवा आणि ती न पाळता मिरवलेले पुरोगामित्व, यांत फारसा फरक नाही.