'मत्स्योत्पादन' : एक फसवा शब्द

भूगोल शिकवताना 'मत्स्योत्पादन' हा शब्द आपण सहज वापरतो. आमचा आक्षेप या शब्दालाच आहे. तळ्यात वाढवलेल्या माशांना तो शोभतो. समुद्रातले मासे मात्र आपण पिकवत नाही, नुसते पकडतो. बंदरात उतरलेल्या टनांना उत्पादन म्हटले, की आकडा वाढला म्हणजे प्रगती झाली, असे विद्यार्थ्यांना वाटू लागते.

तेवढी मासळी पकडायला किती बोटी, किती दिवस आणि किती बारीक जाळी लागली, हे त्या आकड्यात दिसत नाही. अंडी घालण्यापूर्वीच पकडलेली पिल्ले वजनात भर घालतात, पण ते व्याज नसून मुद्दल असते. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड माशाचे मुद्दल असेच संपत गेले आणि १९९२ साली तेथील सरकारला ही मासेमारी थांबवावी लागली.

आपल्याकडे उल्हास नदीत आणि ठाण्याच्या खाडीत सांडपाण्याचीही भर पडते. राज्याचा एकूण आकडा वाढला, तरी खाडीतल्या कोळ्याची पाटी रिकामी राहू शकते.

महाराष्ट्राने २०२३ साली पापलेटला राज्यमासा घोषित केले. पकडायच्या पापलेटची किमान लांबीही १३५ मिलिमीटर ठरवली. ठाण्याच्या किंवा डोंबिवलीच्या मासळीबाजारात विद्यार्थ्यांनी मोजपट्टी घेऊन जावे, कोळणींची परवानगी घेऊन पापलेटे मोजावीत आणि किती त्याहून लहान भरतात याची नोंद करावी. टनांच्या तक्त्याशेजारी ही नोंदही वर्गात लावावी.